एकोणीस नंबरच्या जागेवरचे आमिष

मी, क्लॅरेन्स आर्थर बॅगुली, वय वर्षे एक्याऐंशी, बस डेपोतला निवृत्त मेकॅनिक, राहणार सात, मिल लेन, वेदरथॉर्प, नॉटिंगहॅमशायर, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे, अक्षर वाचता येण्याजोगे आहे आणि माझ्यावर कोणीही दबाव आणलेला नाही. दबाव आणला तो फक्त भाचीने, जिलियनने, आणि तोही "मामा, चहा गार होतोय, आटप की आता" एवढाच. गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी माझी छाती जरा जास्तच वेळ ऐकली आणि मग हवापाण्याच्या गप्पा मारल्या. मी काय समजायचे ते समजलो.

कलम पहिले. याआधीचे माझे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात एकच कलम होते: डेझमंड पिकरिल याला माझ्या अंत्यविधीला पाऊल ठेवू देऊ नये. ते मी रागात लिहिले होते आणि अकरा वर्षे मोठ्या समाधानाने कपाटात ठेवले होते.

कलम दुसरे. घर जिलियनला. फ्रीजही तिलाच, पण खालचा कप्पा तिने स्वतः सोड्याने धुवावा. त्या कप्प्यात मी चाळीस वर्षे गळाला लावायच्या अळ्या ठेवल्या. थंडीत त्या सुस्त राहतात, पण झाकण घट्ट हवे. एका नाताळात ते नव्हते. "क्लॅरेन्स," माझी बायको बेरिल भरल्या टेबलावरून शांतपणे म्हणाली होती, "तुझी मंडळी माझ्या पुडिंगमध्ये पोहतायत." तिने पुडिंग फेकले, मला नाही. याबद्दल मी तिचा ऋणी आहे.

कलम तिसरे. बँकेत जे काही असेल ते बेरिलच्या शेवटच्या महिन्यात तिची उशी सारखी करणाऱ्या नर्सबायांच्या संस्थेला द्यावे. यावर चर्चा नको.

कलम चौथे. आता ज्ञानाची वाटणी. आमच्या हौशी मासेमारांच्या वेदरथॉर्प गळकरी मंडळाने अठ्ठावीस वर्षांपूर्वी शहाणपण करून नदीतले चब आणि बार्बेल आणले आणि वाळूच्या खाणीत साचलेल्या तळ्यात सोडले. वाहत्या पाण्याचे मासे साचलेल्या पाण्यात. त्यांना कोणते आमिष लावावे यावरून आमच्या मंडळात जेवढे संसार ताणले गेले तेवढे दारूवरूनही नाही. नदीत आमिषाचा वास आपणहून माशापर्यंत वाहत जातो. तळ्यात माशालाच वासापर्यंत यावे लागते. म्हणून वास असा हवा की गोठ्यातल्या गाईनेही मान वळवावी. चब खादाड पण भित्रा, त्याला मऊ घास लागतो. बार्बेल चार मिशांनी तळ हुंगत फिरतो, त्याला घास चिखलावर पडलेला लागतो. माझे उत्तर एकच होते: निळी बुरशी धरलेले चीज, शिळा पाव आणि चमचाभर लोणी, तिन्ही मळून केलेला गोळा. डेझमंडचे उत्तर होते डब्यातले डुकराचे मांस, चौकोनी तुकडे करून, करी पावडरीत घोळवून. मी त्याला चारचौघांत म्हणायचो, "लेका, हे माणसांचं खाणं आहे. मासा एवढा खालच्या दर्जाचा नसतो." माझ्या गोळ्याची कृती मंडळाच्या चिटणिसांना द्यावी. ती कुचकामी आहे. कारण कलम सहामध्ये.

कलम पाचवे. चौदा वर्षे मी मंडळाच्या स्पर्धेचा विजेता होतो. चिठ्ठी टाकून तळ्याकाठच्या बसायच्या जागा वाटायची आमची पद्धत, पण साठीपुढच्या सभासदाला आपली जागा कायमची धरता येते. मी एकोणीस नंबर धरला, आणि ती सगळी वर्षे माझी जाळी रिकामी घरी आली नाही. बेरिल गेली त्याला तीन वर्षे झाली. या तीन वर्षांत त्याच जागेवर, त्याच काठीला, त्याच गोळ्याला एकही चब लागला नाही. बार्बेल तर माझ्याकडे पाठ करून झोपले असावेत. मी चीज बदलले. अळ्या लाल रंगवल्या. भांगेच्या बिया उकडल्या, गांडुळांना बडीशेपेच्या तेलात बुडवले, आणि एकदा तर, हे छापू नये, माझे खोकल्याचे औषध गोळ्यात कालवले. एक बदक लागले. मला वाटले, माशांनाही बेरिलचे दुःख झाले. मी ते जिलियनला सांगितले.

कलम सहावे. याच कलमासाठी हे मृत्युपत्र लिहिले आहे. बाकीचे सगळे शोभेला.

माझे ऐकून जिलियनने चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाली, "मामा, एक सांगू? मामी तुझं सँडविच कधी खातच नव्हती रे."

मी रोज सकाळी सहाला उठून बेरिलला सँडविच करून द्यायचो. आधी ती पोस्टात कामाला होती तेव्हा, नंतर जुन्या कपड्यांच्या दुकानात जायची तेव्हाही. संसारात मला येणारी ती एकच पाककृती. डब्यातले डुकराचे मांस आणि लोणचे, कडेला थोडी करी पावडर, कारण एकदा लग्नाच्या सुरुवातीला तिने "छान झालंय" म्हटले होते. तिला ते मुळीच आवडत नव्हते. पण "तो एवढा हौसेने करतो गं," असे तिने जिलियनला सांगितले होते, आणि शपथ घातली होती. कामाला जाताना पायवाट तळ्याच्या अगदी काठाला येते तिथे ती सँडविच कुस्करून पाण्यात टाकायची आणि पुढे बेकरीत जाऊन मटणाचा पॅटिस खायची. पायवाट काठाला येते ती एकाच ठिकाणी. एकोणीस नंबरला.

म्हणजे चौदा वर्षे माझ्या जागेवर रोज सकाळी चारा पडत होता. मंडळाच्या नियमाप्रमाणे स्पर्धेच्या जागेवर आधी चारा टाकणे म्हणजे चोरी. आणि तो चारा म्हणजे नेमके डेझमंडचे आमिष. मासे माझ्या चीजसाठी आलेच नव्हते. ते मांसाची वाट बघत बसायचे, कंटाळायचे आणि नाइलाजाने माझा गोळा खायचे.

अकरा वर्षांपूर्वी डेझमंडने कमिटीसमोर उभे राहून सांगितले होते की एकोणीस नंबरवर कोणीतरी चारा टाकते. मी बायकोची शपथ घेऊन नाही म्हणालो. पुरावा आणायला त्याला पंधरा दिवस दिले. पंधराव्या दिवशी तो टोपी हातात धरून आला आणि म्हणाला, "पुरावा नाही." आरोप मागे घे म्हटले तर घेईना. त्याला मंडळातून काढले. निघताना मी सगळ्यांसमोर त्याच्या हातात डुकराच्या मांसाचा डबा ठेवला आणि म्हणालो, "घे, घरी जाऊन गळ टाक." लोक हसले. मी सर्वांत मोठ्याने हसलो. चाळीस वर्षांचा माझा मित्र. त्यानंतर दर नाताळात बेरिल त्याला फळांचा केक पाठवायची आणि मी तिला भोळी म्हणायचो.

तेव्हा मी येथे जाहीर करतो की डेझमंड पिकरिल खरे बोलला आणि मी खोटी शपथ घेतली, नकळत का होईना. हे माझ्या मृत्यूनंतर मंडळाच्या सभेत मोठ्याने वाचावे. मृत्यूनंतरच, कारण तेव्हा त्याचा चेहरा मला पाहावा लागणार नाही. मी भित्रा आहे. चबसारखाच.

कलम सातवे. माझी बांबूची काठी, रीळ, बसायची पेटी आणि चौदाही चषक डेझमंडला. चषकांवरून माझे नाव घासून काढावे.

येथे लेखन थांबवावे लागले. सहीला दोन साक्षीदार हवे होते. जिलियन म्हणाली, "मी चालत नाही मामा, मला घर मिळतंय. ज्याला काही मिळतं त्याने साक्ष केली तर त्याचं मिळणं रद्द होतं." शेजारच्या मिसेस ॲडेबायो आल्या. दुसरा साक्षीदार जिलियनने मला न विचारता फोन करून बोलावला. दार उघडले तर टोपी हातात धरून डेझमंड.

"मेलास वाटलं," तो म्हणाला. "म्हणून इस्त्रीचा शर्ट घालून आलो."

त्याने टेबलावरचे कागद उचलले आणि वाचत बसला. मला खिडकीबाहेर बघण्यासारखे काही सापडेना. कलम सहापाशी तो थांबला आणि चष्मा पुसला.

"मला माहीत होतं," तो म्हणाला.

"काय माहीत होतं?"

"बेरिल. पुरावा शोधायला पहाटेपासून झुडपात बसलो होतो ना. पहिल्याच सकाळी ती आली. मला बघून रडायला लागली. म्हणाली, 'डेझमंड, त्याला सांगू नकोस रे. सहाला उठून करतो तो.' आता यावर काय बोलणार, सांग!"

"अरे गाढवा, मग आरोप मागे घ्यायचा होतास!"

"का म्हणून? खरा होता तो!"

मला रडू आले हे मी येथे स्वच्छ लिहितो. मिसेस ॲडेबायोंनी रुमाल दिला आणि "ह्या तळ्यावर असलं सगळं चालतं?" असे जिलियनला विचारले. मी उठून ओट्यापाशी गेलो आणि डेझमंडला सँडविच करून दिले. मांस, लोणचे, कडेला करी पावडर. त्याने एक घास घेतला. बराच वेळ चावला.

"बेरिल बिचारी," तो म्हणाला.

मग त्याने पेन मागितले. जिलियन घाईने म्हणाली, "काका, थांबा! तुम्ही सही केलीत तर कलम सात गेलं. काठी, चषक, काहीच मिळणार नाही."

"पोरी," डेझमंड म्हणाला, "त्याच्या भंगाराला कोण विचारतंय? हा माणूस 'मी चुकलो' असं लिहितोय. ह्या कागदाखाली माझं नाव पाहिजे."

सबब कलम सातवे रद्द. काठी, रीळ आणि पेटी जिलियनला, चषक वितळवावेत. कलम सहामधला 'मृत्यूनंतर' हा शब्द मी माझ्या हाताने खोडला असून सभा मंगळवारी आहे. उद्या रविवार. सभासदाला एक पाहुणा नेता येतो, म्हणून सकाळी एकोणीस नंबरवर डेझमंड माझा पाहुणा राहील. आमिष तो निवडेल.

वरील सर्व मी स्वतः लिहिले, साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही केली, आणि त्यांनी माझ्यादेखत.

ठिकाण: वेदरथॉर्प, स्वयंपाकघरातले टेबल
तारीख: १४ ऑक्टोबर २०२३

सही: क्लॅरेन्स आर्थर बॅगुली

साक्षीदार पहिल्या: फोलाशादे ॲडेबायो, नऊ, मिल लेन. (रुमाल परत मिळाला नाही.)

साक्षीदार दुसरे: डेझमंड रॉय पिकरिल, तीन, चर्च रो. (यांना या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही. सँडविच अर्धे खाल्ले. उरलेले अर्धे उद्यासाठी गुंडाळून ठेवले आहे.)