चौदा मीटर वीस

३ मार्च

अहवालाचा मोसम सुरू झाला आणि माझी पाठ धरली. दोन्ही गोष्टी दरवर्षी एकदमच होतात.

साहेबांनी आल्या आल्या सगळ्यांना खोलीत बोलावलं. देशाने वर्षभरात निसर्गाकडून काय काय उचललं — पाणी, लाकूड, माती, मासे — आणि निसर्गाने त्यातलं किती भरून दिलं, हे सांगणं आमच्या विभागाचं काम. वर्षाचा वाटा ज्या दिवशी संपतो ती आमची मोठी तारीख. त्यापुढे देश उसनवारीवर जगतो. गेल्या वर्षी ती नऊ ऑगस्टला आली. साहेब म्हणाले, "यंदा सप्टेंबर दिसला पाहिजे." जसं काही बसचं आरक्षण पुढे ढकलायचंय!

पाण्याचं प्रकरण माझ्याकडे. सोळा वर्षं माझ्याकडेच. शेजारच्या टेबलावरच्या जंगलवालीने साहेबांची पाठ वळल्यावर डोळा मारला. तिचं बरंय. तिच्याकडे कागद कारखान्याने तोडण्यासाठी लावलेली झाडंसुद्धा जंगलात धरतात.

६ मार्च

एक हजार चाळीस विहिरी. दर तीन महिन्यांनी मोजणीदार विहिरीत टेप सोडतो, पाणी किती खोल आहे ते लिहितो आणि फॉर्म आमच्याकडे पाठवतो. दिवसभर ते आकडे बघून डोळ्यांची आग होतेय.

विहीर क्रमांक ११८. पाणी चौदा मीटर वीस सेंटीमीटरवर. त्याआधीही चौदा वीस. त्याच्याआधीही! मागे मागे गेले — आठ वर्षं, बत्तीस वेळा, चौदा वीस! उन्हाळा नाही, पावसाळा नाही, तसूभर हललेली नाही. कॉम्प्युटरने तिच्यापुढे हिरवी खूण केलीय — 'स्थिर'.

शंका विचारायला साहेबांकडे गेले, तर ते खूशच झाले. "आदर्श विहीर! हिचाच फोटो मुखपृष्ठावर टाकू. तुम्हीच जा, काढून आणा." शंका राहिली बाजूला, मी फोटोग्राफर होऊन बाहेर आले.

९ मार्च

हे म्हणाले, "आठ वर्षं एकाच जागी स्थिर आहे, म्हणजे तुझ्याच खात्यातली असणार." मला हसू आलं नाही. नंतर भांडी घासताना आलं.

११ मार्च

पाच तास बस, पुढे मोजणीदाराच्या सायकलमागे चालत. उंच, काटक माणूस. अठ्ठावन्न वर्षांचा. बोलतो कमी. मी येणार म्हणून शर्टाला इस्त्री केलेली, ते बघून उगाच वाईट वाटलं.

विहिरीला लोखंडी झाकण. त्यांनी टेपच्या टोकाला खडू फासला, टेप खाली सोडली. पाणी लागलं की खडू भिजतो, त्या खुणेवरून खोली वाचायची. टेप वर आली. खडू कोरडा ठणठणीत! त्यांनी वही काढली आणि लिहिलं — चौदा वीस.

"अहो, पाणी कुठंय?"

"पाणी नाही, मॅडम. हा तळ आहे."

"मग कोरडी असं का नाही लिहीत?"

"लिहिलं होतं. फॉर्म परत आला. आकडा भरा म्हणून. मग चौकोन रिकामा सोडला, तर नोटीस आली. मग टेप टेकते तिथला आकडा लिहायला लागलो. खोटं नाही लिहिलं, मॅडम. टेप तेवढीच जाते."

खरंच की. टेप तेवढीच जाते.

वस्तीत चाळीस घरं, अकरांना कुलूप. धरणाचं पाणी नेणारा मोठा पाइप वस्तीच्या कडेनं जातो, पण त्यातून नळ मिळतो तो आमच्या धोक्याच्या यादीत नाव असेल तर. आणि आमच्या कागदावर ही वस्ती स्थिर! मोजणीदाराची लेक आणि जावई नातवंडं घेऊन निघायच्या बेतात आहेत. "मीच थांबवून धरलंय," म्हणाले. "आज ना उद्या कुणीतरी वरून बघायला येईल, नाव लागेल, असं सांगतो त्यांना."

तर ती कुणीतरी मी.

फोटो काढला नाही.

१२ मार्च

तो फॉर्म मी बनवला होता.

नऊ वर्षांपूर्वी. 'आकडा नसलेला फॉर्म स्वीकारला जाणार नाही' — वाक्य माझं. तेव्हा मोजणीदार आळशी असतात, रिकामे चौकोन सोडतात, अशी माझी पक्की समजूत होती. त्या फॉर्मसाठी मला प्रशस्तिपत्रक मिळालं. ते अजून कपाटात आहे. आज काढून बघितलं. फाडावंसं वाटलं, पण फाडून कुणाच्या विहिरीला पाणी येणार होतं? परत ठेवलं.

लाज वाटते. दुसरा शब्द नाही.

१६ मार्च

साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं, म्हणजे ऐकत होते.

"सोपं आहे," म्हणाले. "मोजणीदाराने चुकीचे आकडे भरले. त्याला घरी बसवा. विहीर मोजणीतून काढा. विषय मिटला."

"चूक त्यांची नाही."

"मग कुणाची?"

आणि मी — सोळा वर्षं इथे काढलेली मी — म्हणाले, "बघून सांगते."

१७ मार्च

आजारपणाची रजा टाकली. आजारी नाही. उठावंसंच वाटलं नाही.

२० मार्च

यांना म्हटलं, नियम माझा होता असं लिहून देते. हे म्हणाले, "अगं, निवृत्तीला चार वर्षं उरलीत. कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतेस?" मी म्हटलं, तो माणूस इस्त्री करून आला होता हो. यांनी स्वतःच उठून चहा टाकला. चहा बिघडला होता, पण प्यायले.

२३ मार्च

टिपणी दिली. फॉर्म माझा, नियम माझा, मोजणीदाराचा दोष नाही. पुढे सूचना केली — फॉर्मवर 'कोरडी' असा चौकोन असावा. विहीर कोरडी असल्यास त्यावर खूण करावी, आकडा लिहू नये. मला वाटलं, गदारोळ होईल. कसलं काय! माझ्या फाइलीत एक ताकीद लागली आणि सूचना मंजूर! चुकीला धनी सापडला की बाकी सगळं भराभर सरकतं. मोजणीदारांची नोकरी शाबूत. सगळ्या देशभर नवे फॉर्म गेले.

जंगलवाली म्हणाली, "वेडी आहेस." पण जेवताना तिच्या डब्यातलं निम्मं मला वाढलं.

२८ एप्रिल

फॉर्म आले. मला वाटत होतं दहा-वीस विहिरी निघतील. दोनशे त्रेसष्ट! एक हजार चाळिसांत दोनशे त्रेसष्ट विहिरींवर 'कोरडी'. कुणी नुसती खूण केलेली. एका बाईने खाली लिहिलंय — 'सहा वर्षांपासून. विचारल्याबद्दल आभार.' ते वाचलं आणि बाथरूममध्ये जाऊन रडून घेतलं.

मोजणीदारांना फोन केला. म्हटलं, आता तुमच्या वस्तीचं नाव यादीत येणारच. शब्द देते. ते म्हणाले, "पोरीला सांगतो."

१९ मे

छापील अहवाल आज हातात आला. शेवटची आकडेमोड कॉम्प्युटर विभागात झाली होती, आम्हाला दाखवायची पद्धत नाही. उभ्यानेच पान उघडलं आणि खुर्ची ओढून बसले.

देशातलं सरासरी पाणी नऊ मीटर दहावरून सात मीटर साठवर. म्हणजे दीड मीटर वर आलं!

असं कसं? मग कळलं. कोरड्या विहिरींना आकडा नाही. आकडा नाही म्हणून सरासरीत त्या धरल्याच नाहीत. सगळ्यात खोल विहिरी नेमक्या त्याच. त्या वगळल्या आणि देश एकदम पाणीदार झाला. धोक्याच्या यादीचंही तेच. गेल्या वेळचा आणि या वेळचा आकडा ताडून यादी बनते. आकडाच नाही तर ताडणार काय? दोनशे त्रेसष्टांपैकी एकीचंही नाव यादीत नाही.

आधी ती वस्ती निदान 'स्थिर' तरी होती. आता कुठेच नाही.

धावतच साहेबांकडे गेले. ते फोनवर वरच्यांचं अभिनंदन घेत होते. उसनवारीची तारीख दोन सप्टेंबर आलीय. "सगळं तुमच्या टिपणीप्रमाणेच झालंय, मॅडम," म्हणाले. "कोरड्या विहिरीला आकडा लिहू नये — तुमचेच शब्द." टोमणा नव्हता. माणूस खरोखर खूश होता! मी म्हटलं, दुरुस्ती काढा, आजच काढा. तर म्हणाले, "घोषणा परवा आहे. पुढच्या वर्षी नक्की बघू."

दुरुस्तीची टिपणी लिहून दिली. ती घेतली, शिक्का मारला, पोच दिली. पोच माझ्याजवळ आहे.

मोजणीदारांना फोन करायला हवा होता. तीनदा नंबर काढला. काय सांगू? हिंमत झाली नाही.

२१ मे

घोषणा झाली. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. हात आपोआप वाजतात.

२२ मे

सकाळी मोजणीदारांचाच फोन. आवाजात इतका आनंद की आधी ओळखलाच नाही. "मॅडम, बातम्यांत ऐकलं, पाणी दीड मीटर वर आलं! पोरीचं सामान गाडीत चढलं होतं, मी उतरवून घ्यायला लावलं. तिघंचौघं विहिरीवर जाऊन बघून आले. आमच्याकडे अजून दिसत नाही. कधीपर्यंत पोचेल?"

मी म्हटलं, सामान परत चढवा.