डाव्या दाराचा आवाज

मु. औंढे, ता. मावळ

श्री. रा. रा. कोंडाजीराव व्याहीबुवा यांच्या सेवेशी, औंढ्याहून दत्तोबाचा हात जोडून रामराम.

आपली तब्येत उत्तम असेल. ऑपरेशननंतर विहीणबाईंचा गुडघा चांगला वाकू लागला, हे ऐकून समाधान वाटलं. चि. अपेक्षा आणि बाळ खुशाल असणारच, कारण त्यांच्या दिमतीला आमची मंडळी घोरावाडीला आपल्याकडं आहेत. (मंडळी म्हणजे शकुंतला एकटीच. पण ती गेल्यापासून घरातून चार-पाच माणसं उठून गेल्यासारखं वाटतं.) लेकीचं बाळंतपण उरकून बारशानंतर ती परतणार होती, मग गुडघ्याचं निघालं, आता उष्टावण करूनच जा असं विहीणबाई म्हणतात. आपल्या घरचा आग्रह मोठा, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मी मजेत आहे. पिठलं मला आता झोपेतसुद्धा करता येतं.

फोन न करता पत्र लिहितोय याचं नवल वाटेल. पण आपल्याकडं फोन स्पीकरवर टाकून सगळ्यांनी मिळून ऐकायची पद्धत आहे, आणि हा विषय जरा तांत्रिक आहे. शकुंतलेची फार दिवसांची तक्रार होती की गाडीत तिच्या बाजूनं गाणं टोचतं, कानात कुणी काडी घालतंय असं वाटतं. म्हणून ठरवलं, ती यायच्या आत दारांचे स्पीकर बदलून टाकायचे. लोणावळ्यातला दुकानदार म्हणाला, ठेवून जा, संध्याकाळी न्या. मी म्हटलं, नुसते स्पीकर द्या. आपण जाणताच, मी कुठल्या शाळेत हे शिकलेलो नाही, पण घरातला मिक्सर, पंप, फ्रिज, एवढंच काय सासऱ्यांचं कानाचं मशीनसुद्धा मी स्वतः उघडलेलं आहे. (मशीन पुन्हा बंद झालं नाही, पण तो दोष मशीनच्या वयाचा.)

आता यातली गोम समजून घ्या, कारण जावईबापू निलेशराव उद्या त्यांच्या गाडीत हेच करायला जातील. दारात खाली मोठा स्पीकर असतो. वर, आरशामागच्या तिकोनी प्लास्टिकमध्ये, बटणाएवढा दुसरा असतो. तो ट्वीटर. बारीक, धारदार आवाज त्याच्याकडं, आणि दोघांना वायर एकच येते. नवीन स्पीकरच्या पोटातच स्वतःचा ट्वीटर असतो. मग जुनाही चालू ठेवला, तर एका बाजूला दोन-दोन ट्वीटर किंचाळतात आणि स्टिरिओवर भार पडतो तो वेगळा. म्हणून जुना सोडवायचा. वायर कापायची नाही, कापतो तो अडाणी. तिकोनी तुकडा हलक्या हातानं ओढायचा, मागचा प्लग काढायचा, त्याला काळी टेप गुंडाळायची आणि वर स्पंजचा तुकडा बांधायचा, म्हणजे खड्ड्यात तो खडखडत नाही. उजवीकडचं काम असं झालं की कंपनीच्या माणसानं पाहिलं असतं तर मान डोलावली असती. (पाहायला कुणी नव्हतं. मीच दोनदा डोलावली.)

मग डावीकडचं केलं. तसंच, अगदी तसंच. आणि डावं दार मुकं झालं.

मी म्हटलं, बरोबर आहे, या बाजूला कंपनीनं वायर ट्वीटरमधून पुढं दारात नेली असणार, ट्वीटर काढला की पुढचं बंद. ट्वीटर परत जोडला. मुकंच. म्हटलं, स्पीकर फुटका. उजवीकडचा काढून डावीकडं बसवला, तोही मुका झाला, आणि डावीकडचा उजव्या दारात जाऊन खणखणीत गायला लागला. मग दार आणि गाडी यांच्यामधली रबरी नळी सोलून एकेक वायर तपासली. दाराचं पॅनल इतक्या वेळा काढलं-लावलं की त्याच्या क्लिपा तुटल्या. आता दार लावलं की आतून कुणीतरी दात खाल्ल्यासारखा आवाज येतो. शेजारचा पप्पू येऊन म्हणाला, काका, दुकानात न्या. त्याच्याशी मी तूर्त बोलत नाही. (त्यामुळं बोलायला आता उरलेत ते दूधवाले. ते घाईत असतात.)

परवा मळवलीहून लोणावळ्याला निघालो होतो. रस्त्यात भाजे गावच्या भामाबाई भाजीची पाटी घेऊन उभ्या होत्या. त्यांना गाडीत घेतलं. कुणीतरी डावीकडं बसून ऐकायला हवंच होतं. गाणं लावून विचारलं, आवाज कसा काय वाटतो?

“बरा हाय की. पन हिकडं कायच न्हाई. समदं तुमच्याच कानापाशी.”

वायरीत दोष आहे, शोधतोय, असं मी सांगितलं.

“आन् मालकीण कवा येनार?”

“येईल. नातू जरा बसता होऊ दे.”

“बसतोय म्हनं तो कवाचा. अपेक्षानंच सांगितलं माज्या सुनंला फोनवर. तुमीच बसलाय हितं तारा उकलत.” मग पाटी मांडीवर सावरून म्हणाल्या, “ते बंद करा बगू आदी. दोन शबूद बोलू द्या मानसाला.”

बंद केलं. लोणावळ्याचा बाजार येईपर्यंत त्या सुनेच्या कागाळ्या सांगत होत्या आणि मी गाडी मुद्दाम हळू चालवत होतो. मागचे हॉर्न वाजवत होते, वाजवू दिले.

त्या उतरल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. शकुंतला आपल्याकडं आली त्याच आठवड्यात मी स्टिरिओच्या सेटिंगमध्ये जाऊन आवाज पूर्ण उजवीकडं सरकवला होता. रिकाम्या सीटला गाणी कशाला ऐकवायची, असा साधा हिशेब. म्हणजे डावं दार बिघडलेलंच नव्हतं, मीच ते बंद केलं होतं. याला चूक म्हणता येणार नाही. सेटिंग मीच केलं होतं आणि अचूक केलं होतं. आता ते मध्यावर आणलंय, जुना ट्वीटर पुन्हा सोडवून टेप मारलीय, दोन्ही दारं गातात. फक्त मी उजवीकडं बसलो की डावीकडचं कळत नाही, आणि डावीकडं जाऊन बसलो तर गाडी उभीच राहते.

असो. विहीणबाईंना नमस्कार, बाळास आशीर्वाद. लिहिण्यात काही कमीजास्त झालं असल्यास मोठ्या मनानं सोडून द्यावं.

आपला नम्र,
दत्तोबा

ता. क. मी दर रविवारी आपल्याकडं येतो खरा, पण आपण दोघं टीव्हीकडं तोंड करून बसतो, शकुंतला चहा ठेवून “आलात का” म्हणते, आणि बाळ रडलं की आत जाते. गेल्या रविवारी मात्र विहीणबाई गच्चीवर कपडे वाळत घालून जिना उतरताना दिसल्या. कठड्याला हातसुद्धा लावला नाही. फार आनंद झाला.

आणखी एक ता. क. मुलीच्या बापानं व्याह्यांकडं काही मागू नये अशी आपल्यात रीत आहे, म्हणून मी मागत नाही. पण आपण होऊन तिला म्हणालात की उष्टावणाला पुन्हा या, आता घरी जाऊन या, तर येत्या रविवारी गाडी दारात उभी असेल. ती म्हणेल, त्यांना तिथं काय कमी आहे. त्यावर काय बोलायचं ते आपण ठरवावं, मला सुचलेलं नाही.

शेवटचं. पत्र पुन्हा वाचून पाहिलं. मला करमत नाही असं मी यात कुठंही लिहिलेलं नाही. तिनं विचारलं काय लिहिलंय, तर स्पीकरचं लिहिलंय म्हणून सांगा. ती पुढं विचारणार नाही.