कोयता म्याच दिल्ता

३ जून
माझ्या गळ्यातली सोन्याची पोत हिसकल्याच्या केसचा समन्स आला. १० ला जालन्याला साक्ष. हे म्हणले, "झालं तेवढंच सांग, जास्ती बोलू नको." मला सांगतेत.

१० जून
साक्ष झाली. आरोपी, संतोष नाव त्याचं, वर्षभर आत राहून पार वाळलाय. सरकारी वकीलबाईनं माझा जबाब वाचला: आरोपीने सोबत आणलेला कोयता गळ्याला लावला. सोबत आणलेला? जबाब लिहिणाऱ्या पोलिसानं मनानंच लिहिला, म्या न वाचता सही ठोकली.
आमच्या दुकानात नारळ घेतलेलं कोणी बी कोयता मागतं, आपल्या हातानं सोलतं, मंग देवळात जातं. त्यानं बी तसाच मागितला. "मावशी, कोयता द्या." म्याच दिल्ता.
तसं सांगून टाकलं. जजसाहेब म्हणले, "पण गळ्याला लावला ना?" लावला. खोटं कसं बोलू. अजून तिथं हात जातो माझा.
बाहेर वकीलबाई म्हणल्या, हत्यार कोणाचं हे कायदा बघत न्हाई, वापरलं का ते बघतो. वापरलं की सात वर्षांच्या खाली जजला बी येता येत न्हाई. मंग माझ्या बोलण्याचा उपयोग काय? "सातच्या वर किती, ते त्यांच्या हातात."

२ जुलै
निकाल. बोलावलं नव्हतं, तरी गेल्ते. हे फुगून बसलेत.
दोषी धरला. वकीलबाईनं दहा मागितले. त्याचा वकील म्हणला, पहिलाच गुन्हा, घरी आईला दिसत न्हाई. मंग जजसाहेबांनी त्यालाच विचारलं, शिक्षेबद्दल काय सांगायचंय? मान खाली घालून म्हणला, "मावशीचा कोयता त्यांला देऊन टाका. धंद्याचा हाय."
मेल्या, पोत तोडताना कुठं गेल्ती अक्कल.
सात वर्षं. आतलं एक वजा. हत्यार घेऊन आला नव्हता, हे जजसाहेबांनी वाचून दाखवलं. येताना गाडीत लई वाईट वाटून राह्यलं. त्याच्या आईला कोणी सांगितलं असंल का?

चतुर्थी, दुपार
गर्दी बेक्कार. एक जण म्हणला, "मावशी, कोयता द्या." मी म्हणले, आणा नारळ इकडं, मीच सोलते. वर्ष झालं असंच चालू हाय.
कोर्टात जमा वस्तू परत मिळायचा अर्ज आणलाय. हे म्हणतेत, पोत आण, कोयता घरात नको. पहिल्या ओळीत पोत लिहिली. दुसरी ओळ सकाळपासून कोरीच हाय.