आमच्यात मागे फिरत नाहीत

३ नोव्हेंबर १९९७, सोमवार. सकाळी ५.

आजपासून रोजनिशी. कर्तबगार माणसं लिहितात असं ऐकलंय.

मिल बंद होऊन अकरा महिने झाले. बावीस वर्षं साळखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, लूम चालवला. एका सकाळी गेलो तर गेटवर कागद चिकटवलेला. पेपरात रोज येतं की देशानं दारं उघडली. आमचं गेट तेवढं बंद झालं. हरामखोर. (संकल्प क्रमांक एक: रागवायचं नाही.)

आज मोठ्या ट्रान्सपोर्ट कंपनीत रुजू होतोय. देवास नाक्यावर यार्ड, चारशे ट्रक. पद: लाँग रूट ड्रायव्हर. इंदिरा म्हणाली, सत्तेचाळिसाव्या वर्षी ट्रक? मी म्हणालो, आमचे पणजोबा होळकरांच्या रिसाल्यात सरदार होते. घोडा काय, ट्रक काय. ती म्हणाली, सरदार नाही, शिपाई होते, आणि घोडा सरकारचा होता. बायकोला इतिहास शिकवू नये हेच खरं.

संकल्प क्रमांक दोन: महिनाभरात माझ्या नावावर गाडी.

त्याच दिवशी, संध्याकाळी.

रागवलो. कारण योग्य होतं.

मॅनेजर श्रीरामजींनी मला एका नरेंद्रच्या हाताखाली दिलं. वय एकतीस! महूचा आहे. वडील फौजेत ट्रक चालवायचे, हा म्हणे सोळाव्या वर्षी त्यांच्याकडून शिकला. आता महिनाभर हा माझा उस्ताद. मग टेस्ट. पास झालो तर गाडी नावावर, नाही तर घरी. टेस्टही काय, तर ट्रक रिव्हर्समध्ये घेऊन एका दमात गोडाऊनच्या फलाटाला लावायचा. पुढे हजार किलोमीटर चालवायचं त्याची टेस्ट नाही, मागे चाळीस फूट जायचं त्याची आहे. श्रीरामजी म्हणाले, भिया, आगे तो सब चला लेते हैं.

आमच्या घराण्यात मागे फिरायची पद्धत नाही हे त्यांना सांगणार होतो. त्यांना फोन आला.

७ नोव्हेंबर, शुक्रवार.

हे लिहून ठेवतो, म्हणजे गैरसमज नको. मला रिव्हर्स येत नाही असं नाही. कधी गरज पडली नाही. मिलमध्ये रविवारी ओव्हरटाइमला मी कापसाच्या गाठींचा ट्रक चालवायचो. आवारात गोल रस्ता होता. एका बाजूनं आत, गाठी उतरवा, दुसऱ्या बाजूनं बाहेर. ज्यानं मिल बांधली त्याला अक्कल होती. लायसन्सच्या वेळी एजंटानं साहेबांना सांगितलं की माणूस अनुभवी आहे. साहेबांनी माझ्याकडे बघितलं आणि शिक्का मारला. बघूनच कळतं.

नरेंद्र मला काकाजी म्हणतो. काकाजी, क्लच पूरा दाबा ना. काकाजी, मिरर बघा ना. इतक्या सभ्यपणे बोलतो की भांडताही येत नाही. याचा फार संताप येतो.

१२ नोव्हेंबर, बुधवार. धुळे.

पहिली ट्रिप. बिजासन घाटातून गाडी मी उतरवली. नरेंद्र म्हणाला, वा काकाजी. नोंद करून ठेवतो.

धुळ्यात मात्र गोडाऊनवाल्यांनी बोर्ड इतका लहान लावलाय की गेट वीस फूट मागे राहिलं. नरेंद्र झोपला होता. मी शांतपणे पुढे गेलो. पुढे वळायला जागा मिळेना. वळसा घालून परत गेटपाशी आलो तेव्हा चौतीस किलोमीटर झाले होते. नरेंद्र उठून विचारू लागला, काकाजी, हे गाव कोणतं? मी म्हणालो, शहर बघून घेतलं.

तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, काकाजी, रिव्हर्स काही कठीण नाही हो. आरशात बघायचं, आणि मागे जो माणूस उभा राहून आने दो, आने दो करतो त्याच्यावर भरवसा ठेवायचा. बस इतकंच.

इतकंच! मागून कोणीतरी ओरडणार आणि या जयसिंगरावांनी ऐकायचं. मिलमध्येही बावीस वर्षं मागून ओरडणाऱ्यांवर भरवसा ठेवला. आधी म्हणाले मशिनी नव्या येणार, मग म्हणाले चर्चा चालू आहे.

२० नोव्हेंबर, गुरुवार.

नरेंद्र घरी चहाला आला. मी बोलावलं नव्हतं, इंदिरानं बोलावलं. तिनं त्याला पोह्यांवर शेव जास्त घातली. दोघं स्वयंपाकघराच्या दाराशी काहीतरी बोलत होती. जाताना त्यानं कागदावर महूच्या, त्याच्या घराजवळच्या पीसीओचा नंबर लिहून दिला. म्हणाला, काकूजी, काही लागलं तर. काय लागणार आहे? इंदिरानं तो कागद देवघरात ठेवला. देवघरात!

आमच्या छत्रीबागेत मिलची जुनी मंडळी चहाला जमतात. त्यांना मी सांगितलंय की गाडी माझ्या नावावर झाली. होणारच आहे, तर आधी सांगितलं. इंदिराला हे कळलं. ती ओरडली नाही. म्हणाली, अहो, अकरा महिने मी शिवणाच्या मशीनवर घर ओढतेय, माझी पाठ गेली. ही नोकरी टिकवा. सरदारकी नको, नोकरी टिकवा.

मी म्हणालो, टिकवतोच आहे. मग अर्धा तास ओट्यावर बसलो. राग आला होता. कोणाचा ते ठरत नव्हतं.

१ डिसेंबर, सोमवार.

टेस्ट. पहिल्या वेळी ट्रक तिरका गेला. दुसऱ्या वेळी फलाटाऐवजी कॅन्टीनच्या दिशेनं गेला. कॅन्टीनचा स्टोव्ह आधीपासूनच लटपटत होता, असं मला वाटतं. श्रीरामजी म्हणाले, आठ दिवसांनी एक शेवटचा चान्स, तोसुद्धा नरेंद्र म्हणतोय म्हणून.

हा अन्याय आहे. संघटना हवी. उद्या गेट मीटिंग.

२ डिसेंबर, मंगळवार.

गेट मीटिंगला तीन वाजता उभा राहिलो. मिलमध्ये तीनला पाळी सुटायची, हजार माणूस एकदम बाहेर यायचा, कोणीही स्टुलावर चढून बोलू शकायचा. मी स्टूल आणलं होतं. मुख्य मागणी: रिव्हर्सची सक्ती बंद करा.

इथे तीनला काही सुटत नाही. ड्रायव्हर मंडळी कोणी नागपुरात, कोणी सुरतेत. असली कसली कंपनी, जिचे कामगार कधी एका जागी नसतात! हे मुद्दामच केलेलं आहे. साडेतीनपर्यंत एक वॉचमन आणि एक गाय. वॉचमननं स्टूल मागितलं, दिलं.

५ डिसेंबर, शुक्रवार. दुपार.

कंपनीला शेवटी माझी गरज पडलीच! उद्या सहा तारीख. नरेंद्र आणि बरेच जण सुट्टीवर, बाबासाहेबांच्या पुण्यतिथीला. ऐन हंगामात सुट्ट्या, मी श्रीरामजींना तसं बोललोही. पण गाडी अडली आहे आणि माणूस नाही. भंगार जालन्याच्या रोलिंग मिलला पोचवायचं. श्रीरामजी मला म्हणाले, सीधा रास्ता है, पीछे मत लेना. नीट पोचवली तर टेस्ट पास समजेन.

एकट्याची गाडी! माल भरायला आत्ता निघतो. पत्ता बघितला नाही.

५ डिसेंबर, संध्याकाळी ६.

माल आमच्या मिलमध्ये भरायचा होता.

गोल रस्ता तसाच आहे. एका बाजूनं आत गेलो. साळखात्याचं छप्पर उघडं. लूम तोडून बाहेर रचलेले, क्रेननं उचलून माझ्या ट्रकात टाकत होते. मी खाली उभा राहून मोजत होतो. नववा लूम आला. त्याच्या बाजूच्या पट्टीवर पांढऱ्या रंगात १४६. तो आकडा मी रंगवलाय. सहाचं पोट थोडं मोठं झालंय, रंग ओघळला होता. दर खंडेनवमीला त्याला हळदकुंकू वाहायचो, ते खाचेत अजून लाल आहे.

क्रेनवाल्याला म्हणालो, हळू रे. तो म्हणाला, भंगार है भिया.

त्याच्या कानाखाली मारता मारता राहिलो.

निश्चय: १४६ जालन्याला वितळायला जाणार नाही. सकाळी सहाला, नो-एंट्री लागायच्या आत, ट्रक छत्रीबागेत घरी न्यायचा. गल्लीतले चार जण हात लावतील, लूम ओट्यावर उतरेल. मग सरळ जालना. कोणाला कळणार नाही. योजनेत कुठेही मागे जायचं नाही.

६ डिसेंबर, शनिवार. दुपारी १.

योजना उत्तम होती. गल्लीनं दगा दिला.

लहानपणापासून ही गल्ली मी रुंद समजत होतो. आमच्या दारापर्यंत ट्रक पोचला. पुढे शेजारच्या अंबिकाबाईंचा ओटा. ओट्याचा कोपरा गेला, मग ट्रक थांबला. दोन्ही बाजूंच्या भिंती खिडकीतून हातानं लागत होत्या. दार उघडेना. मी केबिनमध्ये आणि समोर सगळी छत्रीबाग. मिलची मंडळीसुद्धा. चार जण हात लावतील म्हटलं होतं. चाळीस जण जमले, हात कोणी लावला नाही. लूमचं वजन बघून एक जण म्हणाला, इसको तो क्रेन लगेगी.

अंबिकाबाईंनी पाऊण तास शिव्या दिल्या. एकही पुन्हा वापरली नाही.

सगळे म्हणू लागले, रिव्हर्स घ्या. जयसिंगराव, गाडी तुमचीच ना, घ्या रिव्हर्स. मी गिअर टाकला. ट्रक थरथरला. आरशात बघितलं तर मागे इंदिरा उभी होती. मी गिअर काढला.

ती ट्रकच्या मागून वर चढली. तिनं १४६ बघितला. मग खिडकीखाली येऊन विचारलं, अहो, हा ठेवणार कुठे होतात? मी म्हणालो, ओट्यावर. तिनं विचारलं, आणि त्याचं करणार काय होतात? याचा मी विचार केला नव्हता. मी म्हणालो, त्यांनी माझा लूम विकला, इंदिरे. मला न विचारता विकला. आणि सगळ्या गल्लीसमोर रडलो. हे रोजनिशीत लिहायची गरज नव्हती.

ती घरात गेली, देवघरातला कागद घेतला आणि पीसीओवर गेली.

नरेंद्र तासाभरात आला. पांढरा शर्ट, पांढरी पँट, महूला अभिवादनाच्या रांगेतून तसाच निघून आलेला. खिडकीतून आत शिरला, मला बाजूला सरकवलं. म्हणाला, काकाजी, बसून राहा. मग बाहेर डोकं काढून म्हणाला, काकूजी, बोला.

इंदिरानं पदर खोचला आणि मागे उभी राहून ओरडू लागली, आने दो, आने दो, जरा डावीकडे, आने दो. आणि ट्रक गेला. दोनशे फूट, एका दमात, एका भिंतीचा चुना न सांडता. नरेंद्र आरशात तिच्याकडे बघत होता आणि ती म्हणेल तसं करत होता. इतकंच.

मग जालन्याला तोच घेऊन निघाला. सुट्टीच्या दिवशी. मी काल सुट्ट्यांवरून बोललेलं त्याला कोणी सांगितलं असेल का? मी सांगणार नाही.

९ डिसेंबर, मंगळवार.

नरेंद्र कंपनीत एक अक्षर बोलला नव्हता. पण ट्रकच्या मागे कंपनीचा फोन नंबर रंगवलेला असतो. अंबिकाबाईंना वाचता येतं.

ट्रकवरून काढलं. नरेंद्र श्रीरामजींच्या टेबलापाशी उभा राहून बराच वेळ बोलत होता. मी बाहेरून बघितलं, ऐकू आलं नाही.

१६ डिसेंबर, मंगळवार. संध्याकाळी.

बढती! पद: यार्ड इनचार्ज (रिव्हर्स). गाड्या मागे घेताना मागे उभं राहून आवाज द्यायचा. चारशे ट्रकांचे ड्रायव्हर आता माझ्या शब्दावर चालणार. इंदिरा म्हणाली, पक्की आहे ना नोकरी? मी म्हणालो, पक्की. ती खाली बसली आणि बराच वेळ पदरानं तोंड पुसत राहिली. मग म्हणाली, शिट्टी देतात का हो? नाही देत.

कंपनीनं नवं गोडाऊन भाड्यानं घेतलंय. आमची मिल, साळखातं. घाईनं पत्र्याचं छप्पर घातलंय.

आज पहिली गाडी नरेंद्रची. त्यानं आरशात माझ्याकडे बघून मान हलवली. मी ओरडलो, आने दो, आने दो. ट्रक मागे येत गेला. मी मागे सरकताना खाली बघितलं तर पायाशी फरशीतून चार बोल्ट वर आलेले. १४६ चे. लूम गेला, बोल्ट कोणी काढले नाहीत.

बस, म्हणालो. ट्रक तिथेच थांबला. नरेंद्रनं इंजिन बंद केलं.

फलाट सहा फूट लांब राहिला. श्रीरामजी येऊन ओरडले, ये छह फुट क्यूँ छोड़ा?

मी म्हणालो, सेफ्टी.