चौथ्या फोटोतला ठिपका

बाबूजी, शनिवारी आमच्या शाळेत माझा आणि माझ्या एका विद्यार्थिनीचा सत्कार आहे, आणि चार दिवस झाले, मला जेवण जात नाही. फोनवर मेल आल्याचा आवाज झाला की छातीत धस्स होतं. बसमध्ये मी फोन बंदच ठेवते. पांढुर्ण्याच्या घराहून सौंसरच्या शाळेत पोचेपर्यंत तेवढीच सुटका. तुम्ही असता तर विचारलं असतं, "केलं काय तू?" म्हणून तेच आधी सांगते.

मंगळ आणि गुरूच्या मधे दगडांचा एक फार मोठा पट्टा आहे. हे लहानमोठे दगड सूर्याभोवती फिरत असतात आणि त्यांतले पुष्कळ अजून कोणी पाहिलेलेही नाहीत. मोठ्या दुर्बिणीतून आकाशाच्या एकाच तुकड्याचे, थोड्या थोड्या वेळाने, चार फोटो काढतात आणि ते आमच्यासारख्या शाळांना तपासायला पाठवतात. आम्ही दुपारच्या तासाला कॉम्प्युटरवर ते एकामागून एक लावतो. तारे जागचे हलत नाहीत. जो ठिपका दर फोटोत जरासा पुढे सरकतो, तो लघुग्रह असू शकतो. त्याच्याभोवती गोल करून रिपोर्ट पाठवायचा. चारही फोटोंत दिसला तर पक्का धरून प्राथमिक यादीत घेतात. तीनमध्येच दिसला तर तसं लिहायचं, मग तो कच्च्या यादीत राहतो. आमच्या पोरींनी शोधलेला पहिला ठिपका म्हणजे माशीची घाण निघाली. ओढणीने काच पुसली आणि ग्रह गेला.

मग रामाकोना गावची एक मुलगी, नववीतली, एकदम म्हणाली, "मॅडम, हा चालून राहिला." खरंच चालत होता. पहिल्या फोटोत, दुसऱ्यात, तिसऱ्यात, सरळ रेषेत, एखादा माणूस बांधावरून जावा तसा. "दगडच असन न हा?" तिने विचारलं. मी म्हटलं, आताच सांगता येत नाही, पण पट्ट्याच्या आतल्या बाजूला दगडीच जास्त असतात. "मंग पांढुर्ण्याच्या गोटमारीतलाच असन. कोनाचा तरी नेम चुकला." सगळ्या पोरी हसल्या, मीही हसले. तुम्हाला आठवत असेल, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीत नदीच्या दोन्ही काठांवरून दगड सुरू झाले की मी कपाटामागे जाऊन बसायची आणि तुम्ही बाहेरून सांगायचे, "इथवर नाही येत, माय." या दगडाचीही मला भीती नाही. तो आपल्या वाटेने फिरतो, पृथ्वीकडे येत नाही. भीती आहे ती तो तिथे नसण्याची.

कारण चौथ्या फोटोत तो मला दिसला नाही. तिथे एक मोठा तारा होता आणि त्याच्या उजेडात सगळं पांढरं झालं होतं. "चौथ्यात नाही दिसत, मॅडम," ती म्हणाली. मी मागच्या तीन ठिपक्यांवरून अंदाज काढला, तो जिथे असायला हवा तिथे गोल केला आणि म्हटलं, "दिसते. ताऱ्याच्या बाजूलेच आहे. नीट पाह्य." तिने काचेला नाक लावलं. मग काचेकडे पाहायचं सोडून माझ्याकडे पाहिलं. "हो मॅडम. दिसला." मी रिपोर्टमध्ये चार लिहिलं.

माझी पहिली शाळा तुम्ही होता, बाबूजी. पाच वर्षांची मी मंडीत पोत्यावर बसून असायची आणि तुम्ही व्यापाऱ्याच्या ढिगातली संत्री निवडत असायचे. आकडे मी कॅरेटवर खडूने लिहायला शिकले. एकदा तुम्ही माझ्या हातात फळं दिली आणि चांगली वेगळी काढायला सांगितलं. मी भराभर काढली. तुम्ही एक उचललं. "खालून पाह्यलं का?" मी हो म्हटलं. तुम्ही फळ उलटं केलं. बुडाशी मऊ, तपकिरी डाग होता आणि तुमचा अंगठा त्यात सहज रुतला. तुम्ही आवाज चढवला नाही. "जेवढं पाह्यलं तेवढंच बोलायचं. वरून चांगलं आहे तर खालूनही असन, असं नाही बोलायचं." मग तेच फळ सोलून चांगल्या फोडी मला दिल्या आणि नासक्या दूर फेकल्या. त्या फोडी गोड होत्या. मला गिळवत नव्हत्या.

मागच्या आठवड्यात मेल आला की आमचा ठिपका प्राथमिक यादीत घेतला आहे; आता इतर दुर्बिणी तिथे पाहतील आणि तो पुन्हा पुन्हा दिसला तर काही वर्षांनी त्याला नंबर मिळेल. शाळेने लगेच सत्कार ठरवला. मुलीचे वडील कापसाची वेचणी टाकून सकाळीच येणार आहेत. आणि मला सारखं दिसतं की दूर कुठेतरी कोणी दुर्बीण फिरवून मी दाखवलेल्या जागी पाहतो आहे, आणि तिथे काही नाही.

आज मधल्या सुट्टीत ती आली. "मॅडम, शनिवारी कोनी विचारलं का चारही फोटोंत दिसला का, तर हो म्हनू न?" आणखी एकदा हो म्हणणं फार सोपं होतं. मी म्हटलं, "तीनच म्हण. चौथ्यात मलेही नव्हता दिसला. मी आजच तसं कळवते." "मले वाटलं माह्येच डोळे खराब आहेत," ती म्हणाली. "मंग तुमी दिसते कावून म्हनलं?"

मेल मी तिच्यासमोरच पाठवला. सत्काराचं काय होईल ते होवो. पण तिच्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं नाही, कारण ते तिच्या आधी तुम्हाला द्यायचं आहे.

मी बारावीत आहे. तुम्ही खाटेवर पाय लांब करून बसले आहात. शुगरने पायाची जाणीव गेली आहे, नजर अधू झाली आहे. आयुष्यभर फळांची खालची बाजू पाहिलेल्या माणसाला स्वतःचा तळवा दिसत नाही. अंगठ्याखाली काळा डाग आहे आणि त्याच्याभोवती डॉक्टरांनी पेनाने रेघ मारून दिली आहे: डाग रेघेबाहेर गेला तर त्याच दिवशी नागपूरला या, बोट काढावं लागेल. रोज सकाळी मी टॉर्च घेऊन वाकते. तुम्ही विचारता, "काय म्हनते?" मी म्हणते, "आहे तेवढाच आहे." तुम्ही म्हणता, "बस, तू पाह्यलं न." आणि मोजा चढवता. त्या एका सोमवारीही असंच झालं. पुढच्या आठवड्यात तुम्हाला ताप भरला. नागपूरहून तुम्ही परत आला नाहीत.

अकरा वर्षं आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, पोरीने शेवटपर्यंत रोज पाय पाहिला. मी तिथून उठून आत जाते. हे पत्र तिच्या हाती लागू नये म्हणून शाळेच्या कपाटात, त्या चार फोटोंच्या खाली ठेवणार आहे.

त्या सोमवारी डाग रेघेच्या बाहेर गेला होता, बाबूजी. ज्वारीच्या दाण्याएवढा. मी टॉर्च दोनदा जवळ नेऊन पाहिला होता. बोट काढतील याची मला भीती वाटली, म्हणून मी तेवढाच आहे म्हणाले.