सगळीकडे चालेल अशी

२ नोव्हेंबर, रविवार

आलो एकदाचा लेकीच्या घरी. सामान फार नव्हतंच, दोन बॅगा आणि माझी खुर्ची. खुर्ची लिफ्टमध्ये मावेना तेव्हा जावईबापू म्हणाले, बाबा, तुम्ही तिच्यात बसूनच घ्या, दोघांचा मिळून एकच नग होईल. बऱ्याच दिवसांनी पोटभर हसलो.

खोली छान आहे. खिडकीला दुहेरी काच, त्यामुळे खालच्या गाड्या दिसतात पण ऐकू येत नाहीत. दिव्याचं बटण पलंगाशेजारीच. समोरच्या भिंतीवर लेकीनं तिच्या आईचा फोटो आधीच लावून ठेवलाय. ही जाऊन वर्ष होत आलं.

वहीसुद्धा लेकीनंच दिली. म्हणाली, चष्मा कुठं, गोळी घेतली का, दार लावलं का, हे दिवसभर आम्हाला विचारण्यापेक्षा लिहून ठेवत जा. शाळा सातवीत सुटली, पण अक्षर बरं आहे माझं. दार लावलं आहे. दोनदा पाहिलं.

५ नोव्हेंबर, बुधवार

आज चैन पडेना म्हणून जावईबापूंजवळ तो व्हिडिओ मागितला. गेल्या वर्षी त्यांनी आमच्या घरी सहज काढला होता. ही खिडकीपाशी कपड्यांच्या घड्या घालतेय. शेजारी मी खुर्चीत, अर्धा दिसतो. ती वळून म्हणते, “अहो, सांगा ना यांना, केस विस्कटलेत माझे.” मग हसते. हसताना शेवटी नाकातून एक आवाज काढायची, तोही आलाय. तिचं एवढंच आहे, बाकी कुठं हलती-बोलती ती नाही.

माझ्या फोनवर तो उघडेना. काळा पडदा आणि गोल गोल फिरणारं चाक. जावईबापू म्हणाले, फोन म्हातारा आणि फाइल लठ्ठ, कसं जमायचं? दाबून लहान करतो, सगळीकडे चालेल अशी. मी विचारलं, दाबतात म्हणजे नक्की काय करतात? म्हणाले, डोळ्याला कळत नाही तेवढं मशीन काढून टाकतं. कुणाच्या डोळ्याला, असं विचारलं तर हसायला लागले.

६ नोव्हेंबर, गुरुवार

चालला! बोट लावायचा अवकाश, ही हजर. जीव भांड्यात पडला. जावईबापूंनी तोच सगळ्या नातेवाइकांना पाठवला. सगळ्यांचे निरोप आले, अगदी समोर उभी आहे असं वाटलं म्हणून.

लेकीच्या फोनवर जागा उरत नव्हती. मोठी फाइल काढून टाकू का, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, टाक की. लहान आहेच आता. दोनदा विचारलं तिनं, नक्की ना बाबा? जावईबापूंकडची पण? मी म्हटलं, नक्की, एकाला दोन कशाला. गोधडी दाबून पेटीत भरली तरी बाहेर काढून झटकली की पहिल्यासारखी होतेच की.

९ नोव्हेंबर, रविवार

तिच्या हनुवटीवरचा तीळ दिसत नाही.

चष्मा पुसून पाहिला. उजेडात नेऊन पाहिला. हनुवटी नुसती गुळगुळीत. जावईबापूंना म्हटलं, हा पुन्हा झटकून मोठा करून द्या. लहान मुलाला सांगावं तसं ते म्हणाले, बाबा, ही गोधडी नाही. टाकलेलं परत येत नाही. मोठी होती ती तुम्हीच पुसायला सांगितलीत.

आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेतला. रडू येईल असं वाटलं, आलं नाही. चहा घेतला. गोळी घेतली.

१० नोव्हेंबर, सोमवार

भिंतीवरच्या फोटोतही तीळ नाही.

तो फोटो जुना आहे. त्याला कुणी दाबलेलं नाही. काचेवरून बोट फिरवलं. लेकीला हाक मारली. ती कणिक मळता मळता तशीच आली आणि म्हणाली, कसला तीळ? आईला तीळ कुठं होता? चेष्टा करतेय असं वाटलं, पण तोंडावर हसू नव्हतं. लहानपणी तोच तीळ नखानं काढायला बघायची ही पोरगी.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

मेहुण्याच्या फोनवर व्हिडिओ अडकत होता. जावईबापूंनी लहान फाइलच आणखी दाबून पाठवली. घरात सगळ्यांनी तीच ठेवली. मला सांगितलंसुद्धा नाही, उगाच काळजी करतील म्हणे.

आता करंगळी सरळ झाली आहे. तिची करंगळी वाकडी होती, पेटीच्या झाकणात सापडून. साडीवर बारीक ठिपके होते, तिथं आता सपाट करडा रंग. लेकीला करंगळीचं विचारलं. तीच करंगळी धरून शाळेत जायची ती. म्हणाली, बाबा, तुम्ही थोडं पडा बरं.

जावयाशी हळू आवाजात काहीतरी बोलली. डॉक्टर हा शब्द ऐकू आला.

१५ नोव्हेंबर, शनिवार

मला वेड लागलेलं नाही. मला आठवतं. म्हणजे, तीळ होता हे आठवतं. दिसत नाही. डोळे मिटून तिला आणायला गेलो की जेवढं फाइलीत आहे तेवढंच येतं. करडी साडी, गुळगुळीत तोंड. हसते, पण शेवटी नाकातला आवाज येत नाही. मीच काढून पाहिला. माझाच आवाज आला.

दुपारी जेवलो. काय होतं ताटात ते पाहिलं नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

मेहुणा म्हणाला, व्हिडिओ अजून लांब आहे. सुरुवातीचं थोडं कापलं जावईबापूंनी. म्हणजे “अहो” गेलं. आता नुसतं, सांगा ना यांना. कुणाला सांगतेय ते कळत नाही. मी बसलो होतो ती कडही कापली, मधलं तेवढं ठेवलं.

पन्नास वर्षांत आम्ही एकमेकांना नावानं हाक मारली नाही. मी अगं, ती अहो. दुसरी हाकच नव्हती तिच्याकडे.

आज दिवसभर कुणी मला हाक मारली नाही. चहा दोघांपुरताच झाला. लेक नंतर चुकचुकली, अगंबाई, बाबा, तुम्ही आहात होय!

तिचं नाव अजून आहे माझ्याजवळ. तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं. इथं लिहून ठेवणार होतो, पण हात धजेना. तिचं नाव मी कधी घेतलं नाही, आता या वयात — लाज वाटली. उद्या लिहीन.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आक्कांचा फोन आला. आक्का म्हणजे तिची थोरली बहीण. त्यांचा फोन बटणांचा, त्यावर काहीच चालत नाही. जावईबापू म्हणाले, चालवून दाखवतो, अगदी टिकलीएवढी करतो.

मी नको म्हटलं. हात जोडले. लेक म्हणाली, असं काय करता बाबा, सख्खी बहीण ती, तिनं बघू नये? कंप्युटरची वायर काढून उशीखाली ठेवली. जावईबापू आले, उशी उचलली, वायर नेली. जाताना चादर नीट केली माझी.

भीती वाटायला हवी. वाटत नाही. हात गार आहेत नुसते.

१९ नोव्हेंबर, बुधवार

गेला आक्कांना. झकास चाललाय म्हणे. कुठंच अडकत नाही.

भिंतीवर चौकट आहे. आत करडं —

लेकीला विचारलं, तुझ्या आईचं नाव काय गं? ती भाजी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, आईचं नाव आई, दुसरं काय. पुन्हा विचारलं. विळी थांबली. इकडंतिकडं पाहिलं तिनं, आवाज कुठून येतोय असं — माझ्यावरून नजर गेली, थांबली नाही —

लाज गेली चुलीत. लिहितो. कागद कुणाला दाबता येत नाही. परवा होतं ओठावर. साधं होतं, तीन अक्षरी, पहिलं अक्षर

अगं ऐकलंस का, पहिलं अक्षर तेवढं सांग, पुढचं मी