एका हाताची खुर्ची

मी, खाली सही करणारी, वय वर्षं एकाहत्तर, धंदा सुतारकाम, अविवाहित, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरीणबाईंनी दिला आहे. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. तशी छाती असलेला माणूस अजून या दारातून आत आलेला नाही.

एक. राहतं घर आणि त्याखालचा कारखाना भाचीला, म्हणजे माझ्या धाकट्या भावाच्या मुलीला द्यावा. भावाला यातली एक खिडकीसुद्धा मिळू नये. तो मोठा डिझायनर आहे. त्याच्या घरात भिंतीतून पलंग निघतो आणि जिन्याच्या पायऱ्यांत कपाटं आहेत. त्याला आमच्या साध्या दारांचं काय कौतुक!

दोन. रंधे, पटाश्या, करवती हेही भाचीलाच. काटकोन तपासायचा बाबांचा गुण्या मात्र पॉलिशवाल्याला द्यावा. तीस वर्षं तो माझी बोलणी खात आलाय, आणि काटकोन अजून त्याला कळलेला नाही.

तीन. आता खुर्ची. इथून पुढचं वकिलांनी आधी मनातल्या मनात वाचावं. का, ते चौथ्या कलमात कळेल.

आईचा डावा खुबा मोडला तेव्हा धाकटा लांब डिझाईन शिकत होता. तिला साध्या खुर्चीतून उठता येईना. मग मी एक खुर्ची केली. बैठक डावीकडे पुढे दोन बोटं उतरती, म्हणजे पाय न वाकवता खाली टेकावा. डावा हात काढूनच टाकला, कारण पाय त्यात अडकायचा. उजवा हात लांब आणि जाड, रेटा द्यायला. चार वेळा मोडून पाचव्यांदा जमली. आई आपली आपण उठली आणि म्हणाली, "जमलं बाई तुला." मला तेवढं पुरलं.

धाकटा दोन दिवसांसाठी आला, खुर्चीचे फोटो काढले, टेप लावून मापं घेतली आणि गेला. वर्षाच्या आत तीच खुर्ची त्याच्या नावाने प्रदर्शनात! माहितीपत्रकात लिहिलं होतं, 'एका बाजूने उघडी, संवादाला आमंत्रण देणारी.' संवाद म्हणे! आईला फोन करायला याला सवड नव्हती. चोरलीस ते चोरलीस, पण ती अशी का, हे एकदा विचारलंसुद्धा नाहीस रे मेल्या.

त्याच्या पोरीने विचारलं. नऊ वर्षांची होती. त्या खुर्चीत बसली, उठली, परत बसली आणि म्हणाली, "आत्या, आजीचा डावा पाय दुखायचा का गं?" घर तिलाच का, असं कोणी विचारायला येऊ नये.

चार. गेल्या महिन्यात धाकटा आला. त्याच्या आजवरच्या कामाचं प्रदर्शन भरणार आहे, त्यात ती मूळ खुर्ची हवी. "ताई, पहिला नमुना आहे तो माझा." माझा! बोलता बोलता तिच्यातच बसला. त्याच्या उजव्या खुब्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. उठता येईना. चाळीस वर्षं जगाला विकली त्याच खुर्चीत अडकला! "ताई, हात दे गं." मी दिला नाही. माझा चहा संपवला. शेवटी पॉलिशवाल्याने उठवलं.

म्हणून ही अट. सगळे जमले की वकिलांनी तिसरं कलम मोठ्याने वाचण्याआधी त्याला विचारावं, ती खुर्ची अशी का केली होती? कोणी खाणाखुणा करू नयेत. भावजयीला लांब बसवावं. 'आईसाठी' एवढं जरी म्हणाला, तरी आईची खुर्ची त्याला द्यावी. संवाद, आमंत्रण असलं काही बरळला, तर ती दवाखान्यात म्हाताऱ्या बायका ताटकळत बसतात तिथे नेऊन ठेवावी.

पाच. माळ्यावर गोणपाटाखाली दुसरी एक खुर्ची आहे. बैठक उजवीकडे उतरती, हात डावीकडे. तो अडकून बसला होता तेव्हा डोळ्यांनीच माप घेतलं. ती धाकट्याला द्यावी, उत्तर आलं तरी आणि नाही आलं तरी. ती दुसऱ्या कुणाच्या मापाची नाही.

सही: (मोठी बहीण)

साक्षीदार:
१. वखारवाला
२. शेजारच्या शिवणवाल्या बाई
(दोघांनाही यातून काही मिळणार नाही. पॉलिशवाल्याला मिळणार म्हणून त्याची सही चालत नाही. तो दारात रुसून उभा आहे.)

स्थळ: कारखाना, आईच्या खुर्चीत बसून
दिनांक: १४ मार्च २०२४